तारकर्ली, व्हॅन आणि झिणझिण्या

गाडीतच बेड, किचन, फ्रिज... एकदम सही! तारकर्लीला होमस्टेच्या अंगणात कॅम्परव्हॅन लावली, त्यांच्या पॉइंटवर केबल जोडली. ओल्या वाळूतून अनवाणी येऊन दाराचं हँडल धरलं, तर हाताला झिणझिण्या! 'गो बाय, हात लावू नको!' होमस्टेच्या काकांनी धावत जाऊन मेन बंद केला. बोर्डामागे अर्थिंगची वायर सुटलेली. चाकं रबरी, फ्रिजमधून गळणाऱ्या करंटला जमिनीत जायला वाट माझ्याच पायांतून! करंट वाढला असता तर? अशा वेळी मेन तोडणारा ३० मिलिअँपचा आरसीसीबी व्हॅनमध्ये आहे का, हे भाड्याने घेताना मी विचारलंच नव्हतं. (कॉफी मग आहेत का, ते विचारलं होतं!) रात्र १२ व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीवर काढली. मीटर १२.२ वर, म्हणजे जवळपास निम्म्यावर आला, तसा पंखाही बंद केला. मग उघडी खिडकी, समुद्राची गाज आणि डास.