कापसाच्या पैशातलं वाचनालय

लिव्हरपूलच्या लाइम स्ट्रीट स्थानकाबाहेर पडलं की सेंट जॉर्जेस हॉलचे अगडबंब खांब समोर येतात. त्याला वळसा घालून मी विल्यम ब्राउन स्ट्रीटच्या उताराला लागले. उजव्या हाताला आधी वॉकर कलादालन, मग घुमटाची एक गोल इमारत, मग ज्यासाठी आले ते ग्रंथालय, आणि त्याला लागून संग्रहालय. ग्रंथालयाच्या दारापाशी फरशीतच पुस्तकांची, चित्रपटांची, गाण्यांची नावं कोरली आहेत. ती वाचत वाचतच आत शिरायचं.

दारात कोणी अडवलं नाही. वर्गणी नाही, अनामत नाही, कोणाचं शिफारसपत्र नाही. एवढ्यासाठी इथे केवढा खटाटोप झाला होता! इंग्लंडात 1850 मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला आणि नगरांना त्यासाठी कर बसवायची मुभा मिळाली. पण कर पौंडामागे जेमतेम अर्धा पेनी, आणि तो इमारतीवर व पगारांवर खर्चायचा. पुस्तकं घ्यायला मात्र त्यातून परवानगी नव्हती, ती कोणी दान देईल तेव्हा! लिव्हरपूलने 1852 मध्ये संसदेतून स्वतःचा वेगळा कायदा करून घेतला आणि त्याच वर्षी ड्यूक स्ट्रीटवर ग्रंथालय उघडलं.

मोठी इमारत हवी होती. जागा नगरपालिकेने दिली, बांधकामाचा भार विल्यम ब्राउन या व्यापाऱ्याने उचलला, सुमारे 40,000 पौंडांचा. थॉमस अ‍ॅलमच्या आराखड्यात नगरपालिकेच्या जॉन वेटमनने फेरफार केले. 1857 मध्ये कोनशिला बसली, त्या समारंभाला नॅथॅनिअल हॉथॉर्न हजर होता. हा कादंबरीकार तेव्हा इथे अमेरिकेचा वाणिज्यदूत होता. ऑक्टोबर 1860 मध्ये दारं उघडली आणि गावाने रस्त्यालाच ब्राउनचं नाव दिलं.

ब्राउनचा पैसा अमेरिकेशी चाललेल्या व्यापारातला, त्यात मुख्य कापूस. तो कापूस गुलामांनी वेचलेला. ज्यांच्या श्रमावर ही दालनं उभी राहिली त्यांना तिकडे अक्षर शिकायलाही बंदी होती, दक्षिणेतल्या कितीतरी राज्यांत तसे कायदेच होते. त्या देखण्या खांबांखाली उभं राहून मला याचा फार त्रास झाला. तरीही गोदीतल्या हमालाला आणि गिरणीतल्या पोरीला फुकट पुस्तक मिळालं, हेही तितकंच खरं. दोन्ही गोष्टी मनात एकदमच ठेवाव्या लागतात.

1941 च्या मे महिन्यातल्या बॉम्बवर्षावात इमारतीची आतली बाजू जळाली, हजारो पुस्तकं गेली. आताचा काचेच्या छताखालचा उंच चौक 2013 चा. तो प्रशस्त आहे, पण मी रमले ती शेजारच्या पिक्टन वाचनकक्षात. कॉर्नेलियस शर्लॉकने आखलेली ही गोल खोली 1879 मध्ये सुरू झाली. व्यास शंभर फूट, भिंतीभर पुस्तकांचे सज्जे, वर घुमट. संध्याकाळीही लोकांना वाचता यावं म्हणून सुरुवातीपासूनच विजेचे दिवे होते. घुमटामुळे इथे आवाज चमत्कारिक फिरतो. पलीकडच्या टोकाला एका आजोबांनी वर्तमानपत्राची घडी उलगडली, ती माझ्या कानाशी उलगडल्यासारखी ऐकू आली. शाळेच्या गणवेशातला एक मुलगा वहीत गणितं सोडवत होता. आपण कशासाठी आलो आहोत हे दोघांनाही कोणी विचारलेलं नव्हतं.

आपल्याकडची वाचनालयं काही उशिराची नव्हेत. रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828 चं, म्हणजे लिव्हरपूलच्याही आधीचं. पण आपला डोलारा वर्गणीवर आणि अनुदानावर उभा राहिला. 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्यातही ग्रंथालय कराची तरतूद नाही. अनुदान रखडलं की तालुक्याच्या वाचनालयात नवी पुस्तकं येणं थांबतं. पौंडामागचा तो अर्धा पेनी कितीही तुटपुंजा असला, तरी दरवर्षी हक्काने येणारा होता.

आणि कापसाचा धागा आपल्यापर्यंतही पोचतोच. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला, आणि लिव्हरपूलने मुंबईकडे मोर्चा वळवला. त्या तेजीत मुंबईचे व्यापारी प्रेमचंद रायचंद गब्बर झाले. त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये आणि मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख दिले. जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटने आखलेला राजाबाई टॉवर त्यातून उभा राहिला, 1878 मध्ये, पिक्टनच्या खोलीआधी वर्षभर. त्याच्या पायथ्याचं ग्रंथालयही सुंदर आहे, पण ते विद्यापीठाचं. रस्त्यावरून येणाऱ्या कोणालाही खुलं असं ते बांधलेलं नव्हतं.