तेवाकानच्या निवडुंगवनात

मेक्सिकोतील पुएब्ला शहरी आमचा पुतण्या नोकरीनिमित्त राहतो. गेल्या मार्गशीर्षात आम्ही उभयता आत्याबाईंसह त्याच्याकडे गेलो असता मोटारीने वाहाकापर्यंत जाण्याचे ठरले. तेवाकान शहर मागे पडून सापोतित्लानचे खोरे दिसू लागले, तेव्हा प्रथमदर्शनी आम्हांस वाटले, या टेकड्यांवर कोणी तारायंत्राचे खांब रोवून ठेविले आहेत काय! ते खांब म्हणजे तेतेचो नावाचे निवडुंग. फांद्या थोड्या, पाने मुळीच नाहीत, आणि उंची दुमजली घरास लाजविणारी.

आपल्याकडील फड्या निवडुंगाचे माहेर अमेरिका खंडच. परंतु शेताच्या बांधावर ज्याला पाहून आपण नाक मुरडतो, त्याच्या भाऊबंदांचे असे अरण्य असेल ही कल्पना आम्हांस नव्हती. (येथे फड्याच्या कोवळ्या पानांची भाजी करितात. आत्याबाईंनी ती मक्याच्या भाकरीबरोबर खाऊन ‘भेंडीची धाकटी बहीण’ असा निकाल दिला.) तेवाकान-कुइकात्लानचे हे खोरे २०१८ साली युनेस्कोने जागतिक वारशात घेतले.

गावाजवळच्या वनस्पतिउद्यानास एलिया ब्रावो ओयिस या विदुषींचे नाव आहे. १९०१ साली जन्मलेल्या या बाईंनी निवडुंगांच्या अभ्यासात आयुष्य वेचिले. मेक्सिकोतील निवडुंगांवरील त्यांचा ग्रंथ १९३७ सालचा. तेथील वाटाड्याने सांगितले की, तेतेचोची फुले रात्री उमलतात व वटवाघळे त्यांवर मध प्यावयास येतात, म्हणून फळ धरते. मग त्याने लाजाळूच्या कुळातील एका काटेरी झुडपाच्या फांद्या काठीने बाजूस सारिल्या. बुडाशी करंगळीएवढा तेतेचो उभा होता! उघड्यावर रुजलेला अंकुर उन्हाने करपतो. झुडपाच्या सावलीत पडलेला तेवढा जगतो, आणि मोठा होण्यास त्यास कित्येक दशके लागतात.

“मग त्या झुडपाचे काय होते?” आत्याबाईंनी विचारिले.

पुतण्याने दुभाष्याचे काम केले. निवडुंग वाढला म्हणजे झुडपाच्या वाट्याचे पाणी तोच शोषून घेतो, आणि झुडूप हळूहळू खंगत जाते. उंच तेतेचोंच्या पायथ्याशी वाळलेल्या काटक्या आम्ही मघापासून पाहत होतो, त्यांचा उलगडा आता झाला.

आमच्या मातोश्री आम्ही चार वर्षांचे असताना निवर्तल्या. आम्हां भावंडांस आत्याबाईंनीच वाढविले. आम्हांस तेथे काय बोलावे ते सुचेना.

आत्याबाईंनी आपल्या बाटलीतील उरलेले पाणी त्या झुडपाच्या मुळाशी ओतिले. “आत्याआजी, पुढे बऱ्याच वेळ पाणी मिळावयाचे नाही,” पुतण्या म्हणाला.

“मला तहान नाही,” एवढेच बोलून त्या मोटारीकडे चालू लागल्या.