बोला-बोला, विश्रांतवाडी!

नावात विश्रांती असली तरी संध्याकाळी सातला आळंदी रोडवरच्या आमच्या चौकात ती कुणालाच नसते. कुणाला धानोरी गाठायची असते, कुणाला एअरपोर्ट! घरीही तेच. बाबा आठला टेकतात, भाऊ नऊला नाइट शिफ्टला निघतो. चौघांनी समोरासमोर बसायचं ते जेमतेम अर्धा तास. म्हणून बुधवारी, नॉनव्हेजच्या हक्काच्या वारी, बेत फिलिपिनो : अडोबो रश्शातले चिकनचे गोळे. तिकडे या गोळ्यांना चक्क ‘बोला-बोला’ म्हणतात!

नावाला दचकू नका. व्हिनेगर, सोया सॉस, लसूण, मिरी, तमालपत्र... झाला अडोबो. तिकडचं माडीचं व्हिनेगर गोव्यातही मिळतं, विंदालूत पडतं तेच.

अर्धा किलो चिकन खिमा, बारीक चिरलेला कांदा, एक अंडं, मूठभर ब्रेडचा चुरा, किंचित मीठ. लिंबाएवढे गोळे तेलावर परता. त्यात आठ पाकळ्या लसूण, मिरी, दोन तमालपत्रं, पाव-पाव वाटी व्हिनेगर आणि सोया सॉस, वाटीभर पाणी. उकळी फुटेपर्यंत ना ढवळायचं, ना झाकायचं. व्हिनेगरचा उग्रपणा उडून जातो. मग पंधरा मिनिटं मंद आच. रश्शात वेगळं मीठ नको. गुळाचा खडा ही आईची भर. सोबत वाफाळता भात.

आषाढीसाठी निघालेली माउलींची पालखी इथून जाते, त्या दिवशी अर्थातच हा बेत रद्द. एरवी कुणी ट्रॅफिकमध्ये अडकलंच, तर काळजी नाही. फ्रिजमध्ये ठेवलेला अडोबो दुसऱ्या दिवशी आणखी मुरतो. गप्पांचं मात्र तसं नसतं, त्या गरमच वाढाव्या लागतात!