पायातले हाड

माझ्या डाव्या पायातले एक हाड हल्ली माझ्या तोंडात असते. थट्टा नव्हे! वीस वर्षे गालात तंबाखू धरली. शेवटी कर्करोगाने खालचा जबडा गाठला आणि त्याची उजवी बाजू काढावी लागली.

नडगीच्या बाहेरच्या अंगाला फिब्युला नावाचे काठीसारखे हाड असते. शरीराचा भार त्यावर फारच थोडा. त्याची दोन्ही टोके राखून मधला तुकडा रक्तवाहिनी नि थोड्या कातडीसकट काढतात, पाचरी कापून त्याला जबड्याचे वळण देतात, धातूच्या पट्टीने जखडतात आणि ती रक्तवाहिनी सूक्ष्मदर्शकाखाली मानेतल्या रक्तवाहिनीला सांधतात. रक्त वाहिले तरच हाड जगायचे. न्यूयॉर्कच्या डॉ. हिडाल्गोंनी जबड्यासाठी ही रीत १९८९ साली प्रसिद्ध केली. तोवर मी तंबाखू मळायलाही शिकलो नव्हतो!

पहिली रात्र मला आठवत नाही, हिला आठवते. तासातासाला नर्स येऊन माझ्या तोंडातल्या त्या कातडीचा रंग पाही, आणि ही नर्सचा चेहरा पाही.

गेल्या दिवाळीत हिने फराळाची बशी पुढे ठेवली. “यंदा चकल्या जरा नरमच झाल्यात हं,” म्हणाली.

इतक्या वर्षांत हिची चकली कधी नरम झालेली मला आठवत नाही.