आधी टाइमटेबल, मग टॉमी!

रविवारी सकाळी साडेसहाला ठाण्याच्या उपवन तलावावर एक चक्कर मारा. फुकटात फॅशन शो बघायला मिळतो! गळ्यात लाल पट्टा घातलेला गोल्डन रिट्रीव्हर, मालकाला ओढत नेणारा लॅब, कडेवर बसून जगाकडे तुच्छतेने बघणारा शित्झू आणि या सगळ्यांच्या मधोमध निळ्या डोळ्यांचा एक हस्की. एप्रिलच्या त्या सकाळी एवढ्या लवकरसुद्धा त्याची जीभ हातभर बाहेर आली होती. ‘‘घरी एसी असतो ना चोवीस तास,’’ मालक मला अभिमानाने म्हणाला. हस्की मात्र काहीच बोलला नाही. बोलण्याइतका श्वास त्याच्याकडे उरलाच नव्हता.

ठाणे-डोंबिवली-कल्याण पट्ट्यात सध्या प्रत्येक दुसऱ्या मित्राला कुत्रा हवाय. नवीन जॉब, नवीन वन बीएचके, नवीन लग्न... आता एक पपी आलं की फोटो कम्प्लीट! मग सुरू होतो यक्षप्रश्न : ब्रीड कुठलं?

माझं उत्तर ऐकाल तर हसाल. इंटरनेट बंद करा आणि रेल्वेचं टाइमटेबल उघडा.

हे शहाणपण मला उगाच आलेलं नाही. २०२० च्या पावसाळ्यात आमच्या डोंबिवलीच्या घरी बंड्या आला. बंड्या म्हणजे बीगल. लांब कान, करुण डोळे, अख्ख्या बिल्डिंगचा लाडका. लॉकडाउन होतं. आई, बाबा, मी, सगळे घरात. बंड्याला वाटलं, माणसं अशीच असतात, दिवसभर सोफ्यावर. २०२२ मध्ये ऑफिसं धडाधड सुरू झाली. सकाळी सव्वाआठच्या आसपासची फास्ट पकडायची, रात्री आठला परत. दाराला कुलूप, आत बंड्या एकटा. बारा तास!

बीगल हा घोळक्याने ससे हुडकणारा शिकारी कुत्रा. एकटं राहणं त्याच्या रक्तातच नाही आणि माग लागला की दूरवर ऐकू जावं म्हणून त्याचा गळा घडलाय. बंड्याने तो गळा आमच्या तिसऱ्या मजल्यावर वापरला. आठवडाभर शेजाऱ्यांनी सहन केलं, मग सोसायटीच्या बोर्डावर चिठ्ठी लागली. चूक शेजाऱ्यांची नव्हती. बंड्याची तर नव्हतीच.

ती गोष्ट पुढे सांगते. आधी स्टेशनवार बघू.

ठाणे : टॉवर, तलाव आणि बिबट्या

घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये लिफ्ट आहे, गार्डन आहे, सिक्युरिटी आहे. म्हणून लोक बिनधास्त मोठे कुत्रे आणतात. जागा मोठी की कुत्रा मोठा, हा आपला सोपा हिशेब. पण कुत्र्याला स्क्वेअर फूट मोजता येत नाहीत, त्याला कळतो तो तुमचा वेळ. लॅब्राडोर हा मुळात न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांबरोबर पाण्यात काम करणारा गडी. दिवसातून तास-दीड तास त्याला दमवलं नाही, तर तो तुमचा सोफा दमवतो. शिवाय भयंकर खादाड! केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिलं की जवळपास चारातल्या एका लॅबमध्ये असा जनुकीय बदल असतो की भूक सुटता सुटत नाही. म्हणजे ‘बिचारा बघतोय कसा’ म्हणून दिलेली पोळी थेट त्याच्या सांध्यांवर जाते.

आणि हस्की? सायबेरियाच्या बर्फात गाड्या ओढायला घडवलेला कुत्रा तो. त्याच्या अंगावर दुहेरी कोट. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, तो धापा टाकूनच अंग गार करतो आणि आपल्या दमट हवेत ते धापा टाकणंही धड काम करत नाही. बॉस, ज्या हवेत तुमच्या शर्टाची इस्त्री ठाणे ते मुलुंड टिकत नाही, तिथे तो कोट?

येऊरला फिरायला नेणाऱ्यांसाठी एक सूचना. तो डोंगर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि तिथल्या बिबट्यांच्या आहारात कुत्रा असतो. पहाटे आणि संध्याकाळनंतर कुत्रा मोकळा सोडू नका, मग तो कितीही ‘गार्ड डॉग’ असो.

डोंबिवली : तिसरा मजला, लिफ्ट नाही

पलावाचे टॉवर सोडले, तर जुनी डोंबिवली म्हणजे तीन-चार मजल्यांच्या बिनलिफ्टच्या इमारती. इथे ब्रीड ठरवतो तो जिना. लांबुळका डॅशहाउंड ‘छोटासा आहे, मावेल’ म्हणून आणला जातो, पण त्याच्या लांब कण्याला चढ-उतार हेच मोठं दुखणं. लॅब आणि जर्मन शेफर्ड (म्हणजे आपल्या बाबांचा अल्सेशियन) यांना खुब्याच्या सांध्याचा त्रास होण्याची शक्यता जास्त. दहाव्या वर्षी तीस किलोचा कुत्रा तीन मजले उचलून न्यायची तयारी आहे? आत्ताच विचारा, कारण तेव्हा तुम्हीही चाळिशीला आलेले असाल!

पगचं काय? २००३ मध्ये हचच्या जाहिरातीत तो मुलामागे दुडूदुडू धावला आणि त्याची घराघरात क्रेझ आली. दिसतो गोड, पण ते चपटं नाक म्हणजे अरुंद श्वासनलिका. घोरणं क्यूट वाटतं, पण बऱ्याचदा ती श्वासासाठीची धडपड असते. मे महिन्यात दुपारी त्याला खाली नेऊ नका.

त्यापेक्षा एक जुनं नाव आठवा : ‘हम आपके हैं कौन’मधला (१९९४) टफी. आपण सर्रास ‘पॉमेरियन’ म्हणतो तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो. लहान चण, कमी खाणं, इथल्या हवेला बऱ्यापैकी सरावलेला. भुंकतो भरपूर, हे मात्र मान्य करून आणा.

आणि हो, दिवाळी. फडके रोडवर पहाटे नवे कपडे घालून आपण मित्रांना भेटत असतो, तेव्हा घरी कुत्रा पलंगाखाली थरथरत असतो. फटाक्यांच्या दिवसांत त्याच्याजवळ कोण थांबणार, हे पपी आणायच्या आधी ठरवा.

कल्याण : अंगण आणि आपला गावठी

कल्याणात काळ्या तलावाकडे किंवा दुर्गाडीच्या बाजूला सकाळी गेलात तर ब्रीडवाले कमी दिसतात, पण कानांची टोकं उभारून मालकासोबत शिस्तीत चालणारे गावठी कुत्रे हमखास दिसतात. हल्ली त्यांना ‘इंडी’ म्हणतात. नाव बदललं, कुत्रा तोच. आखूड केस, लांब नाक, ही हवा हजारो वर्षं पचवलेलं शरीर. दत्तक घ्यायला पैसे लागत नाहीत, लस आणि नसबंदीचा खर्च करावा लागतो. मात्र ‘फुकट आहे म्हणजे सोपा आहे’ असं समजू नका. तो हुशार असतो, उत्साही असतो आणि अनोळखी माणसावर पटकन विश्वास टाकत नाही.

२०२०च्या ऑगस्टमध्ये ‘मन की बात’मध्ये देशी कुत्र्यांचा विषय निघाल्यापासून मुधोळ आणि कारवान हाउंडची चौकशीही वाढलीय. दख्खनच्या माळरानावर वाऱ्यासारखा पळणारा हा कुत्रा. देशी आहे म्हणून तो बाल्कनीत राहील असं नाही. मोकळं मैदान जवळ नसेल, तर त्याचं फोटोतच कौतुक करा.

पावसाळ्यात इथे पाणी तुंबतं, त्यामुळे लेप्टोची लस चुकवू नका. गोचीड-ताप याच दिवसांत पसरतो, तेव्हा फिरून आल्यावर कान आणि पायाची बोटं तपासा.

घरी आणण्याआधी

- दाराला कुलूप किती तास? आठच्या वर असेल आणि दुपारी येणारं कुणी नसेल, तर पपी नकोच. वयाने मोठा, शांत कुत्रा दत्तक घ्या किंवा थांबा.
- २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही आणि ब्रीडरची नोंदणी हवी. पिल्लाची आई बघायला मागा. टाळाटाळ झाली तर निघा.
- सोसायटी कुत्रा पाळण्यावर बंदी घालू शकत नाही. पण महापालिकेचा परवाना, रेबीजची लस आणि खाली केलेली घाण उचलणं ही तुमची जबाबदारी.
- भर उन्हात रस्त्यावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला चटका बसला तर त्याच्या पंजालाही बसणार.

तर, बंड्या. चिठ्ठी लागल्यानंतर दोन महिने आम्ही सगळं करून पाहिलं. रेडिओ चालू ठेवला, खेळणी आणली, दुपारी एका मुलाला फिरवायला बोलावलं. शेवटी त्याने दाराची चौकट कुरतडून स्वतःची हिरडी रक्ताळून घेतली, त्या रात्री बाबा म्हणाले, ‘‘आपल्याला तो आवडतो, हे त्याच्या काय कामाचं?’’ दुसऱ्या रविवारी तो कल्याणला मावशीकडे गेला. तळमजल्याचं घर, पुढे जेमतेम अंगण, मावशी-काका दोघंही रिटायर्ड आणि दिवसभर घरात. पहिल्या आठवड्यातच त्याचं रडणं थांबलं. माझं थांबायला वेळ लागला.

गेल्या वर्षी मी नोकरी सोडून फ्रीलान्सिंग सुरू केलं. आता दिवसभर घरीच असते. मावशीला म्हटलं, ‘‘आता नेऊ का गं त्याला परत?’’

‘‘मला काय विचारतेस? त्याला विचार,’’ मावशी म्हणाली.

बंड्या धावत आला, माझे हात हुंगले, शेपटी जोरजोरात हलवली. मग वळून तिच्या पायाशी जाऊन बसला. मी चहा घेतला आणि संध्याकाळच्या लोकलने डोंबिवलीला परत आले. एकटीच.