फोन मोठा घ्यावा की आहे तोच ठेवावा?



सोयाबीनची पट्टी हाती पडली की पूर्वी घरात विषय निघत ते ठरलेले. एखादा बैल बदलायचा, पत्रे घालायचे, उसनवारी फेडायची. आता त्यात मोबाईल येऊन बसला आहे. घरात फोन असतोच, चालूही असतो. पण मुलगा म्हणतो, 'बाबा, आता मोठा घ्या.' शेजाऱ्याने घेतलेला असतो. दुकानदार तर तयारच असतो, वर हप्तेही करून देतो. मग फिरतीवर गेलो की पिकावरच्या रोगाआधी मला हाच प्रश्न विचारला जातो, 'साहेब, मोठा घेऊ का?'

हा प्रश्न मी टाळत नाही, कारण गेल्या वर्षी तोच माझ्याही घरात उभा राहिला होता. मी पंचायत समितीत कृषी विस्तार अधिकारी आहे, वय चोपन्न. माझा फोन २०१८ च्या दिवाळीत घेतलेला, साडेपाच इंची. एका कोपऱ्याला तडा आहे, पण पाहिजे तिथे लागतो. तरी नवा, मोठा फोन घ्यावा असे मलाही वाटू लागले होते आणि त्याचे कारण हौस नव्हते.

कारण असे की दिवसाला वीस-पंचवीस फोटो येतात. कुणाच्या कपाशीचे पान लाल झालेले, कुणाच्या तुरीच्या शेंगेला भोक, कुणाच्या मक्याच्या पोंग्यात अळी. मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी २०१८ साली आपल्या देशात आली, तेव्हापासून तर विचारू नका. ती ओळखायची खूण बारीक असते. डोक्यावर उलट्या वाय अक्षरासारखी पांढरी रेघ आणि शेपटीच्या अलीकडच्या खंडावर चौकोनात चार काळे ठिपके. हे ठिपके मला दिसेनासे झाले. फोन डोळ्यांपासून लांब धरावा तर अळी लहान होते, जवळ आणावा तर पुसट. औषध कोणते सांगायचे ते त्या चार ठिपक्यांवर ठरते. अंदाजाने सांगितले तर फवारणी वाया, मजुरी वाया आणि अळी पोंग्यात सुखात. म्हणून पंचवीस हजारांचा मोठा फोन मनात भरला.

पंचवीस हजार म्हणजे किती, ते आपल्या मापाने मोजू. २०२५-२६ च्या हंगामाला सोयाबीनची आधारभूत किंमत क्विंटलला ५,३२८ रुपये होती. म्हणजे हा फोन जवळपास पावणेपाच क्विंटल सोयाबीनचा झाला, तोही तो भाव पदरात पडला तर. कोरडवाहू एकराचे बरेचसे उत्पन्न त्या एका डबीत जाते. शिवाय मोबाईलवरचा जीएसटी १ एप्रिल २०२० पासून बारा टक्क्यांचा अठरा टक्के झालेला आहे.

एवढा पैसा घालायचा तर आधी मोजणी करावी, असे मी ठरवले. आता फोन किती इंची हे कसे सांगतात? पडद्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत. शेताची मोजणी अशी कर्णाने करून कुणी तुम्हाला 'रान मोठे आहे' म्हणून विकू लागला, तर तुम्ही घ्याल का? लांबी विचाराल, रुंदी विचाराल. मी मुलीच्या कंपासपेटीतली पट्टी खिशात घालून दुकानात गेलो. माझ्या साडेपाच इंची फोनचा पडदा रुंदीला सुमारे ६.८५ सेंटिमीटर भरला. दुकानातला ६.७ इंची फोन रुंदीला सुमारे ७ सेंटिमीटर. फरक दीड मिलिमीटरचाही नाही! वाढलेले सगळे माप उंचीत. माझा पडदा १२ सेंटिमीटरच्या थोडा वर, तर नवा साडेपंधरा. दुकानातला मुलगा माझ्या पट्टीकडे बघतच राहिला.

म्हणजे नवा फोन लांबुडका झाला आहे. आपण फोन उभा धरून वाचतो, तेव्हा ओळीची रुंदी तेवढीच आणि अक्षरही तेवढेच. जास्त ओळी एका वेळी दिसतात, इतकेच. अक्षर मोठे हवे असेल तर ते कोणत्याही फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन मोठे करता येते. त्याला पैसे पडत नाहीत. घरातल्या शाळकरी पोराला सांगा, मिनिटात करून देईल. आडवा धरून चित्रफीत पाहायची असेल तर मात्र नव्या फोनचा फायदा आहे, तो मी नाकारत नाही.

दुकानातून परतताना मी ग्रामीण रुग्णालयात डोळे तपासून घेतले. जवळचा नंबर दीडचा अडीच झाला होता. नवा चष्मा घातला आणि जुन्याच फोनवर ते चार ठिपके पुन्हा दिसू लागले. चाळिशी उलटलेल्या प्रत्येकाला माझे एवढे सांगणे आहे की फोनच्या दुकानाची पायरी चढण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांची चढा.

आणि फोटोचे आणखी एक गुपित सांगतो. पुसट फोटो बहुतेक वेळा पाठवतानाच पुसट झालेला असतो. व्हॉट्सॲप फोटो पाठवताना त्याचा आकार कमी करते, त्यात बारकावे जातात. पाठवताना 'एचडी' हा पर्याय निवडा, नाही तर फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे काढला तसाच पोचतो. अळी तळहातावर किंवा पांढऱ्या कागदावर ठेवा, भिंग शर्टाच्या टोकाने पुसा, ऊन पाठीशी घ्या, हात स्थिर ठेवा. भिंगावर धूळ आणि घामाचे बोट असेल तर पन्नास हजारांचा फोनही धुकेच दाखवणार.

आता, शेतीच्या कामाला फोन लागतो कशाला? १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. आपल्या गटात उभे राहून पिकाचा फोटो काढायचा व सातबाऱ्यावर पेरा स्वतः नोंदवायचा. त्यासाठी जीपीएस नीट लागला पाहिजे, कॅमेरा चालला पाहिजे आणि ॲप उतरवायला फोनमध्ये जागा पाहिजे. हवामानाला 'मेघदूत' आहे, विजेचा इशारा द्यायला पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे 'दामिनी' आहे. यांतल्या कशालाही पडदा किती इंची याच्याशी कर्तव्य नाही. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा नंबर तर बटनांच्या फोनवरूनही लागतो.

बहुतेकांचा फोन अडतो तो जागेमुळे. 'फोन बाद झाला, ॲपच उतरत नाही' म्हणून माझ्यापुढे ठेवला जातो आणि आत पाहावे तर सुप्रभातच्या फुलांची चित्रे शेकड्याने! ती काढून टाकली की फोन पुन्हा कामाला लागतो. दुसरी अडचण बॅटरीची. ती दोन-चार वर्षांत थकते आणि उन्हात, पंपाच्या पेटीवर, मोटरसायकलच्या टाकीवर ठेवली तर लवकर थकते. ती बदलून मिळते आणि नव्या फोनच्या मानाने खर्च थोडा येतो. मी बदलली. मोठ्या पडद्याला वीजही जास्त लागते, हे लोडशेडिंगच्या गावाने ध्यानात ठेवावे. आणि मोठा फोन वजनाला दोनशे ग्रॅमच्या आसपास भरतो. शर्टाच्या वरच्या खिशात तो मावत नाही, मावला तर वाकताना पडतो. पाट फोडताना, विहिरीत डोकावताना, फवारणीचा पंप पाठीवर चढवताना आपण किती वेळा वाकतो ते मोजा. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, ते इथे अगदी खरे.

तर मग जुनाच फोन जन्मभर वापरावा काय? तसेही नाही. फोनचेही वय असते. बनवणारी कंपनी काही वर्षांनी त्याची सुरक्षेची दुरुस्ती पाठवणे थांबवते. तो फोन मग कूड मोडलेल्या वाड्यासारखा होतो. आत काही नसेल तर हरकत नाही, पण दावणीला जनावर असेल तर झोप लागू नये. १ जानेवारी २०२५ पासून अँड्रॉइड ४.४ व त्याच्या आधीच्या फोनांवर व्हॉट्सॲप बंद झाले, ते असेच. माझ्या फोनलाही ही दुरुस्ती येणे थांबले आहे. त्यावर बँकेचे व्यवहार ठेवणे मला धोक्याचे वाटू लागले. म्हणजे घरात एक नवा फोन तर लागणारच होता. मात्र तो कोणाच्या हातात द्यायचा, हा प्रश्न होता.

आमच्या भागातल्या एका मावशींची हकीकत सांगतो. वय साठीच्या पुढे, मालक वारलेले, दोन एकर नावावर. पीएम-किसानचा दोन हजारांचा हप्ता थांबला होता, कारण ई-केवायसी झालेली नव्हती. आधारला जोडलेला मोबाईल नंबर मुलाचा, आणि मुलगा पुण्याकडे कारखान्यात. इकडे केंद्रावर मावशी बोटे टेकवून थकल्या. आयुष्यभर खुरपे धरलेल्या बोटांचे ठसे यंत्राला उमटेनात. ओटीपी पाठवावा तर तो मुलाच्या फोनवर जाणार, मुलगा पाळीवर, फोन पेटीत कुलूपबंद. तो बाहेर येईपर्यंत ओटीपीची मुदत संपलेली. असे तीन खेटे झाले. प्रत्येक खेट्याला जाण्यायेण्याचे भाडे आणि एक मजुरी बुडाली. दोन हजारांतले किती उरले असतील ते तुम्हीच पाहा.

पीएम-किसानच्या ॲपमध्ये २०२३ पासून चेहरा दाखवून ई-केवायसी करण्याची सोय आहे. आमच्या सहकाऱ्याने मावशींना अंगणात उजेडाकडे तोंड करून बसवले आणि काम झाले. मावशी म्हणाल्या, 'साहेब, माझं तोंड बघूनच व्हायचं होतं, तर इतके दिवस पुण्याला कशाला इचारत होते?' मला उत्तर सुचले नाही.

घरी येऊन हे सांगितले, तर आमची मंडळी म्हणाली, 'अहो, माझे तरी काय वेगळे आहे?' खरेच होते ते. गावाकडची काही जमीन तिच्या नावावर आहे, बचत गटाचे खाते तिच्या सहीने चालते, दुधाचे पैसे तिच्या खात्यात येतात. आणि या सगळ्याचे निरोप व ओटीपी येत होते माझ्या फोनवर, जो दिवसभर माझ्याबरोबर फिरतीवर! तिला स्वतःच्या खात्यात किती आहेत हे पाहायचे तरी मी संध्याकाळी यायची वाट पाहावी लागे. शेतीची निम्मी कामे बायका करतात असे आपण भाषणात म्हणतो. घरातला फोन मात्र गड्याच्या खिशात. तुमच्या घरी कसे आहे, एकदा पाहून घ्या. सातबारा कोणाच्या नावावर आहे, आधारला नंबर कोणाचा जोडला आहे आणि तो फोन दिवसा कुठे असतो, या तीन गोष्टी एका जागी नसतील तर पंचवीस हजारांच्या फोनने काहीही सुटणार नाही. आधार केंद्रावर स्वतः जाऊन नंबर बदलून घेणे हे त्याहून पुष्कळ स्वस्त पडेल.

आम्ही असे केले. पंचवीस हजारांचा बेत रद्द. अकरा हजारांचा साधा फोन रोखीने घेतला, हप्ता नको म्हटले. बिनव्याजी म्हणून सांगतात, पण खात्यात त्या तारखेला पैसे नसले तर दंड लागतो आणि शेतकऱ्याच्या घरात पैसा तारखेने येत नाही. त्या फोनमध्ये तिच्या नावाचे नवे सिम घातले, आधारला आणि बँकेला तोच नंबर जोडला. माझ्या फोनवरचे बँकेचे ॲप मी काढून टाकले. घरखर्चाचे पैसे पगार झाला की तिच्या खात्यात जातात आणि किराणा, दूधवाला, वीजबिल ती तिच्या फोनवरून देते. मला चहाला पैसे लागले तर मागावे लागतात, ही गंमत सोडली तर व्यवस्था उत्तम चालली आहे. नोकरीच्या कामाला माझा जुना फोन अजून पुरतो. एखादे कामाचे ॲप त्यावर उतरेनासे झाले की तो बदलीन.

गंमत अशी की लहान फोन आता दुकानात जवळजवळ मिळतच नाही. त्यामुळे तिचा हा साधा फोनसुद्धा माझ्या फोनपेक्षा उंचीने मोठाच आहे. हातात धरून गोठ्यात काम होईना, म्हणून तिने जुन्या खणाचा एक बटवा शिवला आणि नाडी लावून गळ्यात अडकवला. गटातल्या चौघीजणींनी आता तसेच बटवे शिवून मागितले आहेत.