पेशी पक्व होताना

रक्तदात्याचं रक्त लॅबमध्ये आलं की तो दिवस त्या रक्ताचाच. आधी ते फायकॉल या दाट द्रवावर थेंबाथेंबाने, हात न हलवता सोडायचं. सेंट्रिफ्यूजमधून नळी बाहेर काढली की वर पिवळसर प्लाझ्मा, तळाशी लाल पेशी आणि प्लाझ्माच्या खालीच पांढुरका, धूसर थर. मला हवं ते त्या थरात असतं. त्यातल्या मोनोसाइट्स प्लॅस्टिकला चिकटतात, बाकीच्या पेशी धुऊन काढते. मग जीएम-सीएसएफ आणि इंटरल्यूकिन-४ घालून ३७ अंशांवर ठेवलं की पाच-सहा दिवसांत त्यांच्या डेंड्रायटिक पेशी होतात.

खरी कसोटी यापुढची. या पेशी ट्यूमरचं प्रथिन गिळतात आणि त्याचे तुकडे रोगप्रतिकारक टी-पेशींना दाखवतात. पण त्या अपक्व राहिल्या, तर टी-पेशींना लढायला उठवण्याऐवजी गप्प बसायला शिकवतात. म्हणून शेवटी टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-१ बीटा, इंटरल्यूकिन-६ आणि प्रोस्टाग्लँडिन ई-२ यांचं मिश्रण द्यावं लागतं. दुसऱ्या दिवशी मायक्रोस्कोपला डोळा लावला की पेशींना चहूबाजूंनी लांब, झालरीसारखे फाटे फुटलेले दिसतात. इतकी वर्षं पाहतेय, तरी त्या क्षणी आनंद होतोच.

राल्फ स्टाइनमन यांनी झॅनव्हिल कोहन यांच्यासह १९७३ मध्ये या पेशींचं वर्णन केलं. पुढे स्वतःला स्वादुपिंडाचा कॅन्सर झाल्यावर त्यांनी अशाच पेशींच्या लसी घेतल्या. त्यांचं २०११ चं नोबेल जाहीर होण्याच्या तीन दिवस आधी ते गेले. लसींमुळे त्यांचं आयुष्य वाढलं का, हे एका रुग्णावरून ठरवता येत नाही, आणि स्टाइनमन यांच्याबद्दल कितीही आदर असला तरी मी ते ठरवणार नाही. अमेरिकेत २०१० मध्ये मंजूर झालेल्या प्रोव्हेंज या प्रोस्टेट कॅन्सरवरच्या पेशी-उपचाराने मोठ्या चाचणीत रुग्णांचं आयुष्य साधारण चार महिन्यांनी वाढवलं. ते चार महिने मला मोलाचे वाटतात, पण त्याला कॅन्सर बरा झाला असं म्हणता येणार नाही.

हे सगळं सांगायचं कारण, नात्यातून, ओळखीतून फोन येतात: "ताई, कॅन्सरवर लस देतो म्हणतात, लाखांत खर्च आहे, घर विकू का?" घाई करू नका. औषध नियंत्रकांची मंजुरी आहे का, ते विचारा. चाचणी असेल तर सीटीआरआय या भारताच्या चाचणी-नोंदवहीतला नोंदणी क्रमांक मागा. चाचणीतल्या लसीचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात. आणि सुरू असलेले उपचार, तुमच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय, थांबवू नका.